सात महिन्यांची झाली, वजन थांबलंय का हिचं?

"मॅडम, वजन वाढायचंच थांबलंय." खुर्चीत टेकायच्या आत त्या आईने मोबाइल पुढे केला. त्यात रोजच्या वजनांची यादी होती. कधी आंघोळीआधीचं, कधी पोटभर दूध प्यायल्यावरचं, कधी बाळाला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि मग स्वतःचं वजन वजा करायचं. अशा मोजणीत शंभर-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे होणारच. यादी मी बाजूला ठेवली आणि लसीकरणाचं कार्ड मागितलं.

कार्डावर जन्माचं वजन २.८ किलो, तिसऱ्या महिन्याला ५.१, पाचव्याला ६.१. कपडे काढून त्या दिवशी केलं ते ६.७. पहिल्या तीन महिन्यांत २३०० ग्रॅम आणि गेल्या दोन महिन्यांत जेमतेम ६००, एवढंच आईला दिसत होतं. त्यात आजीचं "पोर अंग धरत नाही" दिवसातून चारदा.

जागतिक आरोग्य संघटनेचा २००६ सालचा वाढीचा तक्ता सहा देशांतल्या, आईच्या दुधावर वाढलेल्या निरोगी बाळांवरून बनवलेला आहे. मुलींच्या तक्त्यावर मी चारही ठिपके मांडले. चारही पंधराव्या पर्सेंटाइलच्या रेषेवर बसले. म्हणजे शंभर निरोगी मुलींत साधारण पंधरा हिच्याहूनही हलक्या.

"पण वेग?" आईने बरोबर विचारलं. वेग मंदावतोच. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम, सहा महिन्यांपर्यंत १५ ते २०, पुढे दहाच्या आसपास. सुरुवातीचाच वेग टिकला असता तर ही वर्षाची होईस्तोवर बारा किलोंची झाली असती, आणि तेवढं वजन बरीच मुलं दोन वर्षांची झाल्यावर गाठतात! पाचेक महिन्यांत जन्माच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट, हा ढोबळ हिशेब पुरे.

मला खरी काळजी वाटली ती खाण्याची. बोलता बोलता आईने डब्यातलं पातळ पाणीदार खाणं काढलं, चमचा तोंडाशी नेला. मुलीने ओठ घट्ट मिटले, मान फिरवली. चमचा मागोमाग फिरला. एवढ्याशा पोटात पाणीच भरलं तर बाकीच्याला जागा कुठून? चमचा तिरका केला तरी पटकन ओघळणार नाही इतकं दाट, आठ महिन्यांपर्यंत दिवसातून दोन-तीनदा, पुढे तीन-चारदा, सोबत आईचं दूध चालूच. रोज काहीतरी लोहयुक्त हवंच, कारण जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांनंतर पुरत नाही. आणि मान फिरवली की थांबायचं. याबाबतीत मी जरा कडकच बोलते, कारण जबरदस्तीने बाळ खाण्यालाच घाबरायला लागतं.

घरी रोज वजन करणं मी बंद करायला सांगितलं. महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, बिनकपड्यांचं वजन पुष्कळ झालं.

मात्र ठिपके एकामागून एक खालच्या रेषा ओलांडत गेले, वजन चक्क उतरलं, दिवसभरात सहापेक्षा कमी वेळा लघवी झाली, वारंवार उलट्या झाल्या किंवा बाळ मलूल पडून राहिलं, तर माझ्याकडे नाही, थेट बालरोगतज्ज्ञांकडे. नवजात बाळाचं वजन पहिल्या काही दिवसांत थोडं उतरतं, पण दोन आठवड्यांतही जन्माच्या वजनावर आलं नाही, तर तेव्हाही तसंच.

नवव्या महिन्यात वजन ७.३ भरलं, रेष तीच. आजीही आल्या होत्या. "मग गुटगुटीत कधी व्हायची ही?" मी म्हटलं, "आजी, आता रांगतेय, उद्या चालेल. आहे तो गोबरेपणाही थोडा उतरेल, आत्ताच सांगून ठेवते."