आधी नोंद, मग दुरुस्ती

पुणे,
25 जुलै 2025

प्रिय मुली,

तुझ्या आंब्याच्या साइटचं गूगल शोधातलं स्थान पडल्याचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा जीव हळहळला, दुसऱ्यांदा राग आला. गूगलचा नाही, तुझा. गूगलचं कोअर अपडेट, म्हणजे शोधात पानं लावायच्या पद्धतीतला मोठा बदल, 30 जूनला सुरू झालं, 17 जुलैला संपलं. ते चालू असतानाच तू एका रात्रीत पानांची शीर्षकं बदललीस, लिंका, म्हणजे पानांचे पत्ते, बदलल्यास, जुने लेख उडवलेस. आणि आता मला विचारतेस, "काका, नक्की कशामुळे पडलं?" आता ते कसं सांगायचं? काय, कधी बदललं हेच तू कुठे लिहून ठेवलेलं नाहीस.

आधी नोंद, मग दुरुस्ती. एवढंच मी सगळ्यांना सांगत आलो.

पडलं म्हणतेस, ते तरी खरंच पडलं का? जुलैत देवगड हापूस शोधतं कोण? बागेत फळ नाही, वाशीच्या बाजारात देवगडची पेटी नाही. हंगाम सरला की शोध आटतो, तो दरवर्षी आटतो. हापूसच्या पानांची तुलना मे महिन्याशी करून रडायचं नसतं, मागच्या जुलैशी करायची असते. तुझा पल्प मात्र बारमाही विकला जातो, त्या पानाकडे वेगळं बघ. अपडेट संपल्यावर निदान आठवडाभर थांबा आणि मग अपडेटच्या आधीच्या आठवड्याशी ताडून बघा, असं गूगल स्वतः सांगतं. तो आठवडा काल पुरा झाला. 23 ते 29 जून एका बाजूला, 18 ते 24 जुलै दुसऱ्या बाजूला, असे आकडे मांड. तू लिहिलंयस की पल्पचं पान चौथ्यावरून सहाव्यावर गेलं. अगं, एवढ्याशा घसरणीला हातही लावायचा नसतो! चौथ्यावरून एकोणतिसाव्यावर गेलं असतं, तर सगळी साइट उलगडून बसलो असतो.

आणखी एक, आणि हे आजच कर. सर्च कन्सोल, म्हणजे तुझी साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन, फक्त 16 महिन्यांचे आकडे ठेवतं. म्हणजे आज तुला मागे मार्च 2024 च्या अखेरीपर्यंतच दिसतं. त्या वर्षीचं मोठं कोअर अपडेट 5 मार्चला सुरू होऊन 19 एप्रिलला संपलं, ऐन तुझ्या हंगामात. त्याच्या आधी तुझी पानं कुठे होती, हे आता तुला कुठेच सापडणार नाही. उद्या आणखी एक दिवस जाईल. महिन्यामहिन्याचे आकडे उतरवून घे, कारण एका वेळी हजारच ओळी मिळतात.

तुला वाटेल, म्हातारा वहीचंच तुणतुणं वाजवतोय. वाजवणारच. 2012 च्या एप्रिलमध्ये विकतच्या लिंकांना धरणारं गूगलचं पेंग्विन अपडेट आलं, तेव्हा माझ्या ओळखीतल्या एका दुकानाची साइट शोधात दिसेनाशी झाली. मालकांनी कुणाकडून तरी वर्षभर दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका विकत घेतल्या होत्या. त्याच ऑक्टोबरमध्ये नको असलेल्या लिंका नाकारायची सोय गूगलने दिली, पण नाकारायच्या कुठल्या? विकतच्या कोणत्या आणि लोकांनी आपणहून दिलेल्या कोणत्या, याची एक ओळ कुणाकडे नव्हती. लिंका देणारा माणूस फोन उचलेना. एक वही असती तर ती साइट सावरली असती, ही रुखरुख मला आजही आहे. त्यानंतर वही न ठेवणारी कामं मी सोडली. लोक हट्टी म्हणाले, पैसा गेला. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा सोडीन.

म्हणून, लिंका विकायला आलेल्या ज्या एजन्सीचं तू लिहिलंयस, तिला नाही म्हण. कारणं देत बसू नकोस.

उडवलेल्या लेखांचं मला जास्त लागलंय. पेटी घरी आल्यावर काय करायचं, हे तुझ्या बाबांनी सांगितलेलं पान: पेंढ्यात अढी कशी लावायची, पिकण्याआधी फ्रिजमध्ये का ठेवायचं नाही, वरून देखणा दिसणारा आंबा कापल्यावर आत साका, म्हणजे पांढरट स्पंजासारखा गर, का निघतो. हे दुसऱ्या कुणाच्या साइटवर बाबांच्या शब्दांत मिळणार नाही. आणि तू तेच "जुनं" म्हणून काढलंस! पान काढणं हा अगदी शेवटचा उपाय, तोही कुणाच्याच कामाचं नसलेल्या पानासाठी. हे तर गिऱ्हाईक पेटी समोर ठेवून वाचतं.

होस्टिंगवाल्याकडे जूनचा बॅकअप असेल, तो आजच माग. लेख होते त्याच लिंकवर परत ठेव. जिथे लिंक बदललीस, तिथे जुन्या पत्त्यावरून नव्याकडे आपोआप नेणारं 301 लाव, नाहीतर येणारा माणूस 404 वर, म्हणजे "पान सापडलं नाही" या पाटीवर, आपटून परत जाईल. प्रत्येक बदलाची तारीख, पान, आधी काय होतं, नंतर काय केलं आणि का केलं, ते लिही. एका आठवड्यात एकच बदल. मग पुढचं अपडेट डिसेंबरात येवो की ऐन एप्रिलमध्ये, तुझ्याकडे ताडून बघायला काहीतरी असेल.

रागावलो, कारण बाबांची बाग तू चालवायला घेतलीस याचं मला फार कौतुक आहे. त्या रात्री जे जे बदललंस, ते आठवेल तसं कागदावर उतरव. अर्धवट आठवलं तरी चालेल, तिथे प्रश्नचिन्ह टाक. रविवारी सकाळी फोन कर, तो कागद समोर घेऊनच बस.

तुझा,
काका