दाराला कुलूप लावलं की पिल्लू केकाटतं

प्रश्न: ताई, आमचं ३ महिन्यांचं गावठी पिल्लू आहे, गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहतो. मी सातपूरला कामाला निघाले की ते इतकं केकाटतं की शेजारच्या काकूंचा फोन येतो. काय करू?

उत्तर: अगं, तो हट्ट नाहीये, ते घाबरतंय, म्हणून रागावू नकोस आणि हात तर अजिबात उगारू नकोस, त्याने भीती वाढतेच. कालपरवापर्यंत भावंडांच्या उबेत झोपणारं पिल्लू ते, रिकामं घर त्याला माहीतच नाही. आधी नुसती किल्ली उचल, चप्पल घाल आणि परत सोफ्यावर बस, असं दिवसातून ८-१० वेळा, म्हणजे किल्ली वाजली की ते कान टवकारून दाराशी पळणार नाही. मग दाराबाहेर ५ सेकंद, मग १५, मग मिनिटभर, ते रडायच्या आत परत ये, रडलंच तर आपली घाई झाली समजून वेळ कमी कर. निघताना फार लाड नकोत. त्याआधी खेळवून दमव, शू होऊ दे, पोकळ रबरी खेळण्यात बिनमिठाचा दहीभात भरून फ्रीजरमध्ये घट्ट करून दे, चाटत बसतं बिचारं. आणि हो, या वयात ३-४ तासांपेक्षा जास्त शू धरवत नाही, तेव्हा दुपारी कोणीतरी यायलाच हवं, त्याच काकूंना प्रेमाने विचारून बघ ना! एवढं करूनही लाळ गाळत दार ओरबाडत असेल तर डॉक्टरांना दाखव.