पाण्यावरच्या ठिणगीतले इलेक्ट्रॉन मोजताना

प्रश्न : पाण्याच्या पृष्ठभागापासून काही मिलिमीटर वर टोकदार इलेक्ट्रोड धरून, वातावरणाच्या दाबाला आर्गॉनमध्ये आम्ही डिस्चार्ज (वायूतून वीज वाहवून ठिणगी) करतो. विभागात लँगम्युर प्रोब (ठिणगीत घालून तिच्यात येणारा विद्युतप्रवाह मोजायची बारीक तार) आहे. इलेक्ट्रॉनची घनता त्याने मोजता येईल का?

नाही. प्रोबचे नेहमीचे गणित कमी दाबासाठी आहे. प्रोबभोवतीचा थर कण टक्कर न होता ओलांडतात, असे त्यात गृहीत धरलेले असते. तुमच्याकडे जेमतेम मायक्रोमीटरभर अंतरात टक्कर होते. शिवाय इतक्या बारीक ठिणगीत तार घातली की तीच इलेक्ट्रोड बनते आणि डिस्चार्ज तिच्याकडे वळतो. त्यापेक्षा उजेडाचे रंग वेगळे करून मोजणारा स्पेक्ट्रोमीटर वापरा. पाणी जवळ असल्याने बाष्पाचे विघटन होऊन हायड्रोजन आयता मिळतो, आणि आपल्याला हवी असते त्याचीच वर्णरेषा, म्हणजे त्याच्या उजेडातला एका ठरावीक तरंगलांबीचा रंग.

प्रश्न : रेषेच्या रुंदीवरून घनता कशी कळते?

विद्युतक्षेत्रात हायड्रोजनच्या रेषा फुटतात, हे योहानेस श्टार्क यांनी १९१३ मध्ये दाखवले. १९१९ चे नोबेल त्यांना मिळाले. प्लाझ्मात, म्हणजे ठिणगीतल्या आयन-इलेक्ट्रॉन झालेल्या वायूत, प्रत्येक अणूभोवतीचे इलेक्ट्रॉन आणि आयन वेगवेगळे क्षेत्र निर्माण करतात, म्हणून एकूण रेषा पसरट दिसते. घनता जास्त, तर पसारा जास्त. हायड्रोजनची ४८६.१ नॅनोमीटरची एच-बीटा रेषा दर घन सेंटिमीटरला १० चा १५ वा घात एवढे इलेक्ट्रॉन असताना सुमारे ०.२ नॅनोमीटर रुंद होते, १४ वा घात असताना ०.०४. इलेक्ट्रॉनच्या तापमानाचा या रुंदीवर फारसा परिणाम होत नाही, हा या पद्धतीचा मोठा आधार.

प्रश्न : आम्हाला एच-बीटाची रुंदी ०.१ नॅनोमीटर मिळाली. थेट सूत्रात घालू का?

कृपया घालू नका. प्रबंधांतली सर्वांत महाग चूक इथेच होते. त्या ०.१ मध्ये तुमच्या स्पेक्ट्रोमीटरची स्वतःची रुंदी आहे. ती कमी दाबाच्या पाऱ्याच्या दिव्यावर, स्लिट (प्रकाश आत घेणारी फट) तीच ठेवून, मोजून घ्या. अणूंच्या धावण्याने येणारा डॉप्लरचा वाटा लहान असतो. खरा उपद्रव व्हॅन डर वाल्स रुंदीकरणाचा, म्हणजे भोवतालच्या तटस्थ अणूंमुळे येणाऱ्या पसाऱ्याचा. वातावरणाच्या दाबाच्या आर्गॉनमध्ये वायू १००० केल्विनला असेल तर ते साधारण ०.०४ नॅनोमीटर भरते. वायू ३०० केल्विनला असेल तर जवळजवळ ०.१, म्हणजे तुमची सगळी रुंदी त्यातच संपते!

यंत्राची रुंदी ०.०५ आणि वायू १००० केल्विन धरून पाहा. व्हॉइट फिटिंग रेषेच्या आकारातून यंत्राचा भाग आणि श्टार्क व व्हॅन डर वाल्स यांचा मिळून लॉरेंट्झ भाग वेगळे करते; हा लॉरेंट्झ भाग ०.०७ च्या आसपास येतो. त्यातून व्हॅन डर वाल्स वजा केले की श्टार्कसाठी ०.०३ उरते. सरळ ०.१ घातल्यावर जी घनता आली असती, तिच्या सुमारे सहाव्या हिश्श्यावर आपण येतो.

म्हणून वायूचे तापमान आधी. ३०९ नॅनोमीटरजवळच्या ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीच्या) पट्ट्यावरून ते काढतात, पण पाण्याच्या विघटनातून जन्मलेला ओएच मुळातच वेगाने फिरत असतो आणि तापमान खोटे चढे दाखवू शकतो. नायट्रोजनचा पट्टा दिसत असेल तर त्याच्याशी पडताळून पाहा.

प्रश्न : हायड्रोजनची दुसरी रेषा, एच-अल्फा, जास्त तेजस्वी आहे. ती का नको?

ती प्लाझ्मातच शोषली जाऊन रुंद भासू शकते, आयनांच्या हालचालीचा तिच्यावर परिणाम जास्त होतो आणि त्याच घनतेला ती बरीच अरुंद असते. घनता भरपूर असेल तर पडताळ्याला घ्या.

प्रश्न : ठिणगी क्षणोक्षणी बदलते. मग मिळालेला आकडा नेमका कुठला?

जिथे आणि जेव्हा उजेड जास्त, तिथला. स्पंदित डिस्चार्जमध्ये नॅनोसेकंदांचे गेट असलेला (तेवढाच क्षण उघडणारा) कॅमेरा लावा, आणि पाण्यालगतचा भाग मधल्या भागापासून वेगळा टिपा. एकाच रेषेत अरुंद आणि रुंद असे दोन भाग दिसले, तर दोन घनता स्वतंत्र नोंदवा; त्यांची सरासरी काढू नका. लेझरचे थॉमसन विखुरण (इलेक्ट्रॉनांवरून विखुरणारा प्रकाश मोजणे) जागा आणि वेळ अधिक नेमकी देते, पण पाण्याच्या पृष्ठभागावरून आणि थेंबांवरून परतणारा प्रकाश त्या क्षीण संकेताला सहज झाकतो. प्रत्येक मोजणीसोबत पाण्याची विद्युतवाहकताही लिहा. हवा आत शिरत असेल तर पाण्यात नायट्रिक आम्ल तयार होऊन ती चढत जाते, आणि सकाळचा डिस्चार्ज दुपारी तोच राहत नाही.