वाचक विचारतात : पॉट आइस्क्रीम, पन्हं आणि सारीपाट

प्रश्न : इंदूरला जुन्या वाड्यातल्या एका संग्रहालयाच्या चौकात मे महिन्यात कुटुंबांसाठी जुने खेळ आणि खाऊ ठेवतो आहोत. मागच्या खेपेला हाताने फिरवायच्या पॉटमधलं आंब्याचं आइस्क्रीम तासभर फिरवूनही पातळच राहिलं. काय चुकलं?

उत्तर : बहुधा मीठ कमी पडलं, नाहीतर साखर जास्त झाली. वितळता बर्फ शून्य अंशावरच थांबतो आणि गोड दूध शून्याला गोठत नाही. बर्फात मीठ पडलं की तापमान शून्याच्या बरंच खाली उतरतं. 2 लिटरच्या पॉटला फोडलेला बर्फ 6 किलो आणि जाडं मीठ दीड किलो लागतं. बाहेरच्या बादलीत, दुधाच्या डब्याभोवती, चार बोटं बर्फ, वर मीठ, असे थर द्या. मीठ याहून वाढवलंत तर कडेचं दूध झटकन धरतं आणि आइस्क्रीम खरखरीत होतं.

सव्वा लिटर म्हशीचं दूध आटवून एक लिटर करा, 150 ग्रॅम साखर घाला आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. 250 ग्रॅम आमरस सकाळीच मिसळा, तोही गार. गरम दुधात घातलात तर दूध फाटेल. डबा दोन तृतीयांशच भरा, कारण फिरवताना मिश्रण फुगतं. पंचवीस-तीस मिनिटांत दांडा जड झाला की थांबा, पातं काढा, झाकणाचं भोक बंद करा आणि पॉट गोणपाटात गुंडाळून तासभर ठेवा.

बादलीच्या बाजूचं भोक बर्फाने बुजलं तर खारं पाणी झाकणावर चढतं. मग आइस्क्रीम खारट! ते पाणी भांड्यात धरा, चौकात ओतू नका. मीठ दगडात आणि चुन्यात मुरतं, सुकताना त्याचे खडे होतात आणि पापुद्रे सुटतात. संग्रहालयात हे आइस्क्रीम बिघडण्यापेक्षा वाईट.

प्रश्न : पन्हं पितळी घागरीत ठेवलं तर शोभून दिसेल?

उत्तर : दिसेल, पण कल्हई ताजी आणि अखंड असेल तरच. ती उडालेली असली तर आंबटाने तांबं उतरतं आणि मळमळ, उलट्या होतात. त्यापेक्षा स्टीलचं पातेलं ओल्या फडक्यात गुंडाळा. उकडलेल्या कैरीचा गर एक वाटी, गूळ दोन वाट्या, वेलची, चिमूट मीठ. एक भाग गराला तीन भाग पाणी. पाटीवर मात्र ‘शिकंजी’ लिहू नका, सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजाराची सवय असलेले इंदूरकर घट्ट दुधाची मागतील.

प्रश्न : सारीपाट फरशीवर खडूने आखावा का?

उत्तर : नको. सव्वा मीटर चौरस मांजरपाट घ्या. चार पट्टे, प्रत्येकात तीन ओळी, ओळीत आठ घरं, घर 6 सेंटिमीटरचं. एकूण 96 घरं. फुल्या, म्हणजे सोंगटी सुरक्षित राहते ती घरं, प्रत्येक पट्ट्यात तीन : मधल्या ओळीचं बाहेरचं टोक, आणि बाजूच्या ओळींत टोकाकडून चौथं घर. कवड्यांचं दान घरोघरी वेगळं मोजतात, तेव्हा तुमचा हिशेब पाटाशेजारी लिहून लावा. चार-चार सोंगट्यांचा डाव सकाळभर पुरतो. मुलांना दोन-दोनच द्या. अगदी लहान मुलांच्या हाती कवड्या नकोत.

विटी-दांडू चौकात नकोच, काचा आणि डोळे दोन्ही जवळ असतात. तिथे लगोरी लावा : सात चपट्या ठिकऱ्या, चिंध्यांचा चेंडू, रेघ पंधरा फुटांवर. विटी मैदानात न्या आणि मोजणी आजोबांकडून करून घ्या. ‘वकट, लेंड, मूंड’ त्यांना अजून येत असेल.