सावळ्या रंगाला फ्रिल चालतं का, आणि टोकियोत घर मिळतं का

अगं, तुझा मेसेज तीनदा वाचला. वय २३, पुण्यात क्लास लावून जपानी भाषेची एन-३ परीक्षा पास, एप्रिलच्या बॅचला टोकियोत लँग्वेज स्कूल, पुढे जमलं तर बुंका फॅशन कॉलेज. आणि या सगळ्याच्या मुळाशी लोलिता फॅशन, म्हणजे ती फ्रिलं-पेटीकोटची बाहुलीसारखी जपानी फॅशन, जी तू चार वर्षं स्वतः शिवून घालतेस आणि सिंहगड रोडच्या पुलंच्या बागेत गेलीस की लोक विचारतात शूटिंग चाललंय का. हे सगळं दोन पानं लिहून खरा प्रश्न मात्र शेवटच्या ओळीत लपवलायस, की ताई मी चांगलीच सावळी आहे, तिथल्या मुली मला त्यांच्यात घेतील का. म्हणून मी शेवटच्या ओळीपासून सुरू करते.

मी मूळची रेवदंड्याची, इथे टोकियोत नऊ वर्षं झाली, आधी लँग्वेज स्कूल आणि मग आयटीत टेस्टिंगची नोकरी, आणि लोलिता घालते त्याला सात वर्षं झाली असतील. तर उत्तर असं की घेतात, हसतमुखाने घेतात, पण पाहुणी म्हणून. नऊ वर्षांनी पण पाहुणीच. हे तुला चालणार असेल तर ये, मजा आहे. "इथे पुण्यात मला कोणी समजत नाही, तिथे माझी माणसं आहेत" असं मनात धरून येणार असशील तर थोडं थांब आणि पुढचं वाच.

माझी पहिली खरेदी सांगते. हाराजुकुत, म्हणजे टोकियोच्या फॅशनच्या भागात, लाफोरे म्हणून बिल्डिंग आहे, १९७८ पासूनची, तिच्या तळघराकडच्या मजल्यावर लोलिताची दुकानं आहेत. मी पाच महिने पैसे साठवून गेले होते. ट्रायल रूमच्या बाहेर बूट काढायचे असतात आणि आत जाताना एक पातळ पांढरी पिशवी देतात, डोक्यावरून घालायची, फेस कव्हर म्हणतात. मला वाटलं हिने माझा रंग बघून दिली, ड्रेसला लागेल म्हणून. कानाच्या पाळ्या गरम झाल्या माझ्या. तशीच आत गेले, ड्रेस चढवला, पाठीला इलॅस्टिकच्या चुण्या असतात तरी चेन अर्ध्यावर अडकली, ती बाई आत आली, गुडघ्यावर बसून तिने ती चेन इतक्या हळू वर नेली की माझी आई पण नेणार नाही, मागची बो बांधली आणि म्हणाली, केवढे मोठे डोळे, आणि "होरी गा फुकाइ", म्हणजे चेहरा कोरल्यासारखा आहे तुमचा. बाहेर आले तर शेजारच्या खोलीत दुधासारखी गोरी मुलगी शिरत होती आणि तिच्याही हातात तीच पांढरी पिशवी. सगळ्यांनाच देतात, मेकप ड्रेसला लागू नये म्हणून. म्हणजे पिशवीत काहीच नव्हतं, जे होतं ते कौतुकात होतं. त्या दुसऱ्या मुलीला ती म्हणाली हा रंग तुम्हाला शोभतो, आणि मला म्हणाली डोळे मोठे आहेत. तिचा कोऑर्ड, म्हणजे पूर्ण पोशाखाचा मेळ, बघितला, माझा चेहरा बघितला. हा फरक इथे रोज दिसतो आणि यात कोणाच्या मनात वाईट काहीच नसतं, म्हणून तर भांडता पण येत नाही.

रंगावरून थेट घाण बोलणं मला टोकियोत कधीच ऐकायला मिळालं नाही, ते मिळालं ऑनलाइन, इंग्रजीत. एका निनावी बोर्डवर माझा फोटो कोणीतरी टाकला होता, फिकट गुलाबी जेएसकेमधला, म्हणजे बिनबाह्यांच्या लोलिता ड्रेसमधला, आणि खाली लिहिलेलं की ही फॅशन बाहुलीसारख्या चेहऱ्यासाठी आहे, हिने गडद रंगच घालावेत. लिहिणारे बहुतेक तिकडचे, अमेरिका युरोपचे. कृष्णवर्णीय मुलींना तर याच्या दहापट ऐकावं लागतं, त्यातल्या कितीतरी जणींनी मग स्वतःचे ग्रुप आणि अकाउंट काढले आणि आज पेस्टल घालण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही, त्यांना फॉलो कर, विग आणि ब्लशचं जेवढं मी त्यांच्याकडून शिकले तेवढं कुठल्याही जपानी मासिकात नव्हतं. आणि आपण तरी काय, माझी आत्या व्हिडिओ कॉलवर म्हणाली होती, बाहुलीच व्हायचंय तर आधी उन्हात फिरणं बंद कर. तेव्हा गोरेपणाचं वेड शिकायला जपानला यायची गरज नाही, ते तू घरूनच घेऊन येशील. इथे त्याला बिहाकु म्हणतात, दुकानात त्या क्रीमांचे रॅकच्या रॅक भरलेले असतात. फाउंडेशन मात्र पुण्यातून वर्षभराचं आण, इथल्या साध्या मेडिकल स्टोअरमध्ये ओकर १०, २०, ३० असे नंबर असतात आणि बऱ्याच ठिकाणी ३० ला संपतात, मी ३० लावलं तर भस्म फासल्यासारखं दिसतं.

गंमत म्हणजे याच शहरात, शिबुयात, नव्वदच्या दशकाच्या शेवटी गांगुरो मुली होत्या, ज्या पैसे देऊन चेहरा काळा करून घ्यायच्या आणि ओठ पांढरे. गोऱ्या गोमट्या आज्ञाधारक मुलीच्या कल्पनेला ते उत्तर होतं असं म्हणतात. असेल. पण मशीनमध्ये झोपून आणलेला रंग उतरवता येतो.

तू असंही विचारलंस की आपण भारतीयांनी जपानी फॅशन घालणं म्हणजे त्यांचं काही हिसकावणं होतं का. हा वाद मुख्यतः अमेरिकेतला आहे. २०१५ मध्ये बॉस्टनच्या म्युझियममध्ये लोकांना किमोनो घालून मोनेच्या चित्रासमोर फोटो काढू देत होते, त्यावर निदर्शनं झाली, आणि जपानमधल्या बऱ्याच लोकांना कळेचना की यात चिडण्यासारखं काय आहे, उलट किमोनो कोणीतरी घालतंय याचा आनंद. पण ज्या जपानी वंशाच्या मुली अमेरिकेत शाळेत डोळ्यांवरून चिडवून घेत मोठ्या झाल्या त्यांचं दुखणं वेगळं आहे, टोकियोतल्या माणसाला ते दुखत नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. आपल्यापुरतं सांगायचं तर इथे दुकानांना विकायचंच आहे, २००९ मध्ये तर परराष्ट्र खात्यानेच "कवाई", म्हणजे गोंडस, राजदूत नेमल्या होत्या आणि त्यातली मिसाको आओकी लोलिता घालून देशोदेशी फिरली. आणि मुळात ही फ्रिलं, बॉनेट, पेटीकोट सगळं युरोपचं. कोण कोणाचं घेतंय हे मोजायला बसलं तर संध्याकाळ होईल.

दुसरं म्हणजे तू ज्या हाराजुकुची स्वप्नं बघतेस ते बरंचसं सरलंय. रविवारी रस्ता गाड्यांना बंद करून जी गर्दी जमायची ते १९९८ मध्येच थांबलं. इथल्या रस्त्यावरच्या फॅशनचं फ्रुट्स मासिक २०१७ मध्ये बंद झालं, गॉथिक अँड लोलिता बायबल हे लोलिताचं मासिक पण त्याच वर्षी. ताकेशिता स्ट्रीटवर आता टुरिस्टच जास्त आणि ते न विचारता फोटो काढतात, माझा काढतात आणि मग चेहरा बघून थोडे हिरमुसतात, त्यांना जपानी मुलगी हवी असते. खरी मंडळी भेटतात ती चहापार्टीत, ओचाकाइ म्हणतात, आधी बुकिंग करावं लागतं आणि संभाषण जपानीत असतं. एन-३ वर तू हसून मान हलवशील, त्याच्या वरच्या एन-२ वर विनोद कळायला लागतील. तेव्हाही टेबलावर दर वेळी कोणीतरी विचारणार, कधी परत जाणार? आधी मला वाटायचं घालवून देतायत की काय. तसं नाही, त्यांना खरंच वाटतं की सगळे परतच जातात. आरियाना मियामोतो इथेच जन्मली, २०१५ ला मिस युनिव्हर्स जपान झाली, तर वडील कृष्णवर्णीय म्हणून लोक म्हणाले ही पुरेशी जपानी नाही, आणि पुढच्याच वर्षी प्रियांका योशिकावा मिस वर्ल्ड जपान झाली, तिचे वडील भारतीय, तिलाही तेच ऐकावं लागलं. म्हणजे आई जपानी असून ही गत, तर रेवदंड्याच्या मुलीने कशाला मनाला लावून घ्यायचं. हे कळल्यावर मी बरीच मोकळी झाले, खरंच.

आता जे कोणी सांगत नाही ते. रंग, पासपोर्ट या गोष्टी फ्रिलमध्ये आडव्या येत नाहीत, त्या घर शोधताना येतात. मला चार ठिकाणी फोनवरच सांगितलं, मालकांना परदेशी नको. एका एजंटने माझ्यासमोर मालकाला फोन लावला, भारतीय आहे पण जपानी छान बोलते, आयटीत आहे, असं माझं स्थळ दाखवल्यासारखं वर्णन केलं, पलीकडून नाही आलं, आणि त्याने इतक्या वेळा वाकून माफी मागितली की मीच त्याला समजावत बसले. २०१७ मध्ये सरकारच्याच सर्व्हेत घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी जवळपास ४० टक्के म्हणाले की परदेशी म्हणून नकार मिळाला. तू पहिलं वर्ष शाळेच्याच होस्टेलमध्ये काढ. नंतर यूआर या सरकारी गृहसंस्थेची घरं बघ, त्यांना गॅरंटर नको आणि रेइकिन पण नाही, रेइकिन म्हणजे मालकाला भाड्याव्यतिरिक्त द्यायचा नजराणा जो परत मिळत नाही, फक्त उत्पन्न किंवा बचत दाखवावी लागते. टोकियोच्या एदोगावा वॉर्डातल्या निशि-कासाइला आपले लोक खूप, त्या वॉर्डात २०१९ ला आपले पुराणिक योगेंद्र नगरसेवक म्हणून निवडून आले होते, अंबरनाथचे. तिथे घर मिळणं सोपं. मी मुद्दाम नाही राहिले, ड्रेस घालून लिफ्टमध्ये काकू भेटल्या की घरी फोन जातो.

स्टुडंट व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तासच काम करता येतं, त्यात नवा जेएसके, जो ३०-४० हजार येनला जातो, तो विसर. क्लोझेट चाइल्ड म्हणून जुन्या कपड्यांची दुकानं आहेत, तिथे सेकंडहँड घे, मी अजून तिथेच घेते. पेटीकोट घालून सकाळच्या लोकलमध्ये चढू नकोस, आपल्या विरारसारखीच असते, फक्त कोणी ओरडत नाही.

रेसिडेन्स कार्ड कायम जवळ ठेव. पोलीस थांबवतात, चेहरा बघून थांबवतात म्हणून जानेवारी २०२४ मध्ये तिघांनी कोर्टात केस पण टाकली. मला दोनदा थांबवलंय, दोन्ही वेळा हूडी आणि ट्रॅकपँटमध्ये. पूर्ण लोलितात, बॉनेटसकट, एकदाही नाही. याचा अर्थ तू लाव.

आणि तो आजीच्या खणांचा प्रश्न. खणाचा जेएसके शिवला तर इथल्या मुली नाक मुरडतील का? किमोनोवरून वा-लोलिता आहे, चिनी धाटणीची ची-लोलिता आहे, खणाने काय घोडं मारलंय. मी शिवलाय, काळ्या खणाचा, लाल काठ खाली घेऊन. तो घालून एकदा जुन्या किमोनोंच्या दुकानात गेले तर तिथल्या सत्तरीच्या बाईंनी काठ बोटांत धरून पाहिला आणि विचारलं, सारासा का? सारासा म्हणजे आपल्याकडून आलेलं जुनं छापील सुती कापड, छीट. मी म्हटलं नाही, हे विणलेलं आहे. मग त्यांनी जुन्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडांची नावं सांगायला सुरुवात केली आणि त्यात एक आलं चाउजिमा, रेशमी, हाकामासाठी, म्हणजे किमोनोवरच्या घेरदार पायघोळासाठी, वापरायचे. घरी येऊन डिक्शनरी उघडली तर चाउ म्हणजे चौल. आपलं चौल, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेलं. आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं! मी रात्री साडेअकराला आईला फोन केला, तिकडे आठ वाजले होते, ती म्हणाली बरं, जेवलीस का. बाईंना पुढच्या वेळी जाऊन सांगितलं तर केवढ्या खूश झाल्या, चहा दिला, आणि मग विचारलं, मग तुम्ही परत कधी जाणार?

तर खण आण. पन्हा अरुंद असतो हे तुला माहीतच असेल, घेराच्या स्कर्टला भरपूर लागेल, एकाच रंगाचे सात-आठ तरी घे आणि आधी पाण्यातून काढून आण, माझा काळा पहिल्याच पावसात उतरला आणि पांढरे मोजे गेले.