बीट कुणाची, गाणं कुणाचं

अगं,

तुमच्या बँडच्या पहिल्या अल्बमची नऊच्या नऊ गाणी ऐकली. आधी हेडफोनवर, मग फोनच्या स्पीकरवर, मग रात्री परत एकदा. चौथ्या गाण्यात रॅपचं दुसरं कडवं सुरू व्हायच्या आधी तू श्वास घेतेस आणि ड्रमर नेमका तिथेच हाय-हॅट, म्हणजे ती झांजांची जोडी, सोडून देतो, बास एकटाच चालत राहतो, एवढीशीच जागा आहे पण मी पाच-सहा वेळा मागे जाऊन ऐकली. असं ठरवून होत नाही गं, एकमेकांकडे बघत खूप दिवस वाजवलं की होतं.

म्हणूनच तुझ्या मेसेजचा शेवट वाचून जीव खाली-वर झाला. रेकॉर्डिंग इंजिनियर म्हणतोय लाइव्ह ड्रम्स काढू, त्या जागी मशीनवर प्रोग्राम केलेल्या बीट्स टाकू, वेळ वाचेल आणि साउंड मोठा येईल. मी म्हणेन नको. मशीनशी माझं काही वैर नाही, हिप हॉप वाढलंच मुळी टर्नटेबल, सॅम्पलर (जुन्या रेकॉर्डचे तुकडे वाजवणारं यंत्र) आणि ड्रम मशीनवर. पण तुम्ही पाच जण बँड आहात. ड्रम्स काढले की उरते एक रॅपर आणि तिच्या मागे थोडी वाद्यं, आणि पहिल्याच अल्बमला लोकांनी तसं ओळखलं की मग ते पुसायला फार वेळ लागतो.

द रूट्स या अमेरिकन हिप हॉप बँडचं बघ. क्वेस्टलव्ह आणि ब्लॅक थॉट, फिलाडेल्फियातली शाळेपासूनची जोडी, साउथ स्ट्रीटच्या फुटपाथवर उभी राहायची, एक ड्रम्स वाजवतोय आणि दुसरा त्यावर रॅप करतोय. पुढे बँड वाढला, युरोपातल्या कार्यक्रमात विकायला हातात काहीतरी हवं म्हणून १९९३ मध्ये त्यांनी 'ऑर्गॅनिक्स' स्वतःच काढला, मोठं लेबल वगैरे काही नाही. त्यानंतर करार झाला आणि १९९५ मध्ये पुढचा अल्बम मोठ्या लेबलवर आला, पण ड्रम्सवर माणूस होता तो तसाच राहिला. रस्त्यावर जे ऐकू यायचं तेच त्यांनी रेकॉर्डवर नेलं, म्हणून ते आजही दोन सेकंदांत ओळखू येतात.

तर अल्बमसाठी ड्रम्स, बास आणि कीबोर्ड एकत्रच रेकॉर्ड करा, एकमेकांना दिसतील असे बसून. बास आणि कीबोर्ड माइकशिवाय थेट केबलने घ्या म्हणजे ड्रमच्या माइकमध्ये त्यांचा आवाज शिरणार नाही. तू शेजारच्या खोलीत उभी राहा, काचेतून ड्रमर दिसला पाहिजे, आणि गाईड व्होकल, म्हणजे वाजवणाऱ्यांना ऐकू यावा म्हणून दिलेला तात्पुरता आवाज, पूर्ण ताकदीने दे कारण ड्रमर तुझ्या आवाजावरच वाजवतो, फायनल व्होकल नंतर निवांत घेता येईल. क्लिक (कानात टकटक करून लय धरणारा आवाज) लावायचा की नाही ते गाण्यागणिक ठरवा. पण एक गोष्ट अजिबात होऊ देऊ नका. तुमचा ड्रमर स्नेअर, म्हणजे तो कडक आवाजाचा ड्रम, लयीच्या किंचित मागे ठेवून वाजवतो, ते एडिटिंगमध्ये ओढून स्क्रीनवरच्या मात्रांच्या रेघांवर, ग्रिडवर, सरळ करायचा मोह होईल, स्क्रीनवर ते चुकल्यासारखंच दिसतं. हात लावू नका. तुझ्या रॅपच्या ओळी ज्या झोक्यावर बसलेत तो झोका तिथे आहे.

साउंड लहान वाटतोय हे मात्र इंजिनियरचं बरोबर आहे, फक्त दोष ड्रम्सचा नाही. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बास दोघेही साधारण ५० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात धक्काबुक्की करतायत, त्यात दोघेही हरतात. एकाला खाली बसवा, दुसऱ्याला थोडं वर, आणि किक पडली की बास क्षणभर दबेल असा कंप्रेसर, म्हणजे आवाज आपोआप दाबणारं साधन, लावायला सांग. दुसऱ्या गाण्यात तर फोनवर बास गायबच होतो, छोटा स्पीकर एवढं खालचं वाजवूच शकत नाही, म्हणून बासवर थोडं सॅच्युरेशन, म्हणजे आवाजाला किंचित खरखर देणं, हवं, त्याने वरचे सूर उमटतात आणि कानाला बास कळतो. कीबोर्डवाल्याला सांग, तू रॅप करत असताना मधल्या पट्टीतलं कमी वाजव, तुझे शब्द तिथेच राहतात. हे मिक्सवर सोडू नका, वाजवतानाच करा.

आता ज्याबद्दल तू एक अक्षरही लिहिलं नाहीस ते. ही गाणी कुणाची आहेत?

रॅपमध्ये पुष्कळदा बीट, म्हणजे शब्दांखालचं सगळं संगीत, बनवणाऱ्याचा अर्धा हिस्सा आणि लिहिणाऱ्याचा अर्धा असं धरतात. पण बँडमध्ये बीट बनवणारा असा एक माणूस नसतोच. इंजिनियरला जे ड्रम्स सहज काढण्यासारखे वाटले, ते आणि हा प्रश्न, माझ्या मते एकच आहे. कुणी वाजवलं त्याने गाणं बनवलं की नाही, हे तुम्ही आपसात बोललेलेच नाही.

आमच्या बँडचा पहिला अल्बमही आम्हीच काढलेला. त्यातलं एक गाणं बासिस्टच्या तीन सुरांवर उभं होतं. रिहर्सलला सगळे जमेपर्यंत तो भिंतीला टेकून तेच तीन सूर घोळवत बसला होता, मी वर कॉर्ड्स लावल्या, रॅपरने जुन्या वहीतल्या ओळी काढल्या आणि वीस मिनिटांत गाणं तयार. रजिस्टर करताना फॉर्म मी भरला. शब्द रॅपरचे, कॉर्ड्स माझ्या, म्हणून अर्धं-अर्धं लिहिलं, आणि मला खरंच वाटलं नाही की यात काही चुकतंय. वर्षभराने एका जाहिरातीसाठी ते गाणं मागितलं तेव्हा बासिस्टने शांतपणे विचारलं, माझा हिस्सा किती? मला त्याच्याकडे बघता आलं नाही. वाद वाढला, जाहिरात गेली, गाणं सगळीकडून उतरवावं लागलं, आणि तो परत कधी माझ्याबरोबर वाजवायला बसला नाही. चूक माझी होती. ते तीन सूर म्हणजेच ते गाणं होतं.

म्हणून स्प्लिट शीट, म्हणजे कुणाचा वाटा किती याचा कागद, करा, प्रत्येक गाण्याची वेगळी, एक पान पुरतं. गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाचं खरं नाव, कुणी काय केलं, किती टक्के, बेरीज १००, खाली पाचही सह्या. लक्षात घे की हक्क दोन वेगळे असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि संगीत, आणि दुसरा मास्टरचा, म्हणजे प्रत्यक्ष रेकॉर्डिंगचा. रचनेत वाटे कमी-जास्त होऊ शकतात, मास्टर मात्र पाचांचा समान ठेवा असं मी म्हणेन. स्टुडिओ ओळखीचा म्हणून फुकट मिळतोय ना, मग मास्टरवर स्टुडिओचा काही हक्क नाही हे त्यांच्याकडूनही लेखी घ्या. उद्या कुणी बँड सोडला तर नाव कुणाकडे राहील, तेही त्याच बैठकीत. अवघडल्यासारखं होईल, होऊ दे.

सहाव्या गाण्याच्या सुरुवातीचा जुन्या रेकॉर्डचा तुकडा कुठून घेतलाय? १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरच्या एका गाण्यावरून न्यूयॉर्कच्या कोर्टाने निकाल दिला आणि तेव्हापासून सॅम्पलला, म्हणजे अशा उचललेल्या तुकड्याला, परवानगी घेणं हे हिप हॉपमध्ये गृहीतच झालं. परवानगीही दोन ठिकाणची लागते, रचनेची आणि मास्टरची. तीच धून तुम्ही स्वतः वाजवलीत तर मास्टरचा प्रश्न मिटतो, रचनेचा राहतोच. मला विचारशील तर तुमच्याकडे इतका चांगला कीबोर्डवाला आहे, त्याला नवीन काहीतरी करू दे.

रिलीजचं थोडक्यात सांगतो कारण ते सगळ्यात सोपं आहे. मास्टरिंगला, म्हणजे रिलीजआधीच्या शेवटच्या आवाज-सफाईला, २४ बिट वेव्ह फाइल्स द्या, मिक्समध्ये सगळ्यात मोठ्या आवाजांच्या वर थोडी जागा मोकळी ठेवा, नुसत्या आवाजासाठी दाबून टाकू नका, स्ट्रीमिंगवाले लेव्हल सारखी करून घेतातच. प्रत्येक गाण्याची इन्स्ट्रुमेंटल (शब्दांशिवायची आवृत्ती) मिक्सच्या वेळीच काढून ठेवा, नंतर तो सेशन, म्हणजे मिक्सची मूळ फाइल, उघडत नाही असा माझा अनुभव आहे. गाणी स्ट्रीमिंगवर पोचवणाऱ्या वितरकाचा करार वाचताना मुदत किती आणि मास्टर कुणाकडे राहतो एवढं शोधा. फाइल्स रिलीजच्या तारखेच्या तीन-चार आठवडे आधी चढवा. क्रेडिट्समध्ये ड्रमरचं नाव प्रत्येक गाण्यावर घाला, एकदा शेवटी नको.

रविवारी पाचही जण भेटताय म्हणालीस. वाजवायच्या आधी शीट्स काढ, आणि चौथ्या गाण्यापासून सुरू कर. ती श्वासाची जागा कुणाच्या नावावर लिहिता ते मला कळव.

तुझा,
दादा