पाच लिंक, आकडा एकच

प्रश्न : माझ्या वेबपानावरच्या एका यादीत 5 लिंक आहेत. जावास्क्रिप्टमध्ये ‘फॉर’ लूप फिरवून मी प्रत्येक लिंकला क्लिकचे फंक्शन जोडले आणि त्यात त्या लिंकचा क्रमांक दाखवायला सांगितले. मात्र कोणतीही लिंक दाबली तरी 5 हाच आकडा येतो. लूप तर 0 ते 4 असाच फिरतो; मग हा 5 आला कुठून?

उत्तर : तो लूपनेच मागे ठेवला आहे. लूपच्या फेऱ्या मोजणाऱ्या ‘आय’ या व्हेरिएबलची (किंमत साठवणाऱ्या नावाची) किंमत 5 झाली की ‘5 पेक्षा कमी’ ही अट मोडते आणि लूप थांबतो; किंमत मात्र तशीच राहते. तुम्ही ‘आय’ बहुधा ‘व्हार’ने घोषित केला असावा. तसा व्हेरिएबल प्रत्येक फेरीसाठी वेगळा तयार होत नसल्यामुळे पाचही फंक्शनांच्या वाट्याला एकच ‘आय’ येतो, आणि ही फंक्शने लूपमध्ये केवळ जोडली जातात, चालतात मात्र वापरकर्त्याने लिंक दाबल्यावर, म्हणजे लूप केव्हाच संपलेला असताना. ‘व्हार’च्या जागी ‘लेट’ लिहा. 2015 च्या आवृत्तीत भाषेत आलेला हा शब्द प्रत्येक फेरीला नवा ‘आय’ देतो, त्यामुळे 0 ते 4 हे आकडे बरोबर येतील.

तरीही तुमच्या जागी मी लूपच काढून टाकला असता. लिंकवरचा क्लिक तिथेच न थांबता वरच्या घटकांकडे चढत जातो. तेव्हा लिंक ज्या ‘यूएल’मध्ये, म्हणजे यादीच्या घटकात, आहेत त्यालाच एक फंक्शन जोडावे आणि कोणती लिंक दाबली गेली हे ‘इव्हेंट’च्या ‘टार्गेट’वरून, म्हणजे क्लिक नेमका ज्या घटकावर झाला त्यावरून, ओळखावे. पुढे यादीत सहावी लिंक घातली तरी कोडला हात लावावा लागत नाही. क्रमांक लिंकच्याच ‘डेटा’ ॲट्रिब्यूटमध्ये लिहून ठेवला की मोजणीही नको.

यात एक खाचखळगा आहे. लिंकच्या आत छोटे चित्र असेल आणि बोट नेमके चित्रावर पडले, तर ‘टार्गेट’ म्हणून लिंक न मिळता ते चित्र मिळते. (मीही यात एकदा अर्धा दिवस घालवला आहे.) म्हणून ‘टार्गेट’वर ‘क्लोजेस्ट’ चालवून त्याला वेढणारी ‘ए’ ही लिंकची खूण शोधावी, आणि ती ‘नल’ (काहीच नाही) आली, म्हणजे क्लिक दोन लिंकांमधल्या मोकळ्या जागेत झाला, तर तिथूनच परत फिरावे. क्लिकवर ब्राउझर आपणहून जे करतो ते (उदा. लिंक उघडणे) रोखणारे ‘प्रिव्हेंटडिफॉल्ट’ वापरत असाल, तर तेही या तपासणीनंतरच लिहावे, आधी लिहिले, तर यादीत पुढेमागे चेकबॉक्स आल्यास तो टिकच होणार नाही.